महासंकटानंतर जीवसृष्टी सावरते, म्हणजे नेमकं काय सावरतं?

तुमचा प्रश्न असा आहे: "मोठा लघुग्रह आदळला, अणुयुद्ध पेटलं किंवा तापमान भयंकर वाढलं, तर पृथ्वीवरची जीवसृष्टी पुन्हा उभी राहील का? डायनोसॉर गेले तरी आपण आलोच ना? मग अशा वेळी साधारण किती वर्षं लागतात?"

एका शब्दात उत्तर हवं असेल तर हो, उभी राहते. आजवर प्रत्येक वेळी राहिली आहे. पण या उत्तराने तुमच्या हाती फारसं काही लागत नाही. 'सावरणं' या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं चालतं. म्हणूनच एकाच घटनेबद्दल एका बातमीत '३० हजार वर्षांत सावरली' असं छापून येतं आणि दुसरीत '१ कोटी वर्षं लागली' असं येतं. दोन्ही आकडे बरोबर असतात. मोजलेली गोष्ट वेगळी असते, इतकंच. त्यामुळे किती वर्षं याआधी काय सावरायचं आहे ते ठरवावं लागतं. त्यानंतरचा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे: घाव किती मोठा होता यापेक्षा तो किती काळ चालू राहिला, आणि वाचलं कोण.

आधी टोकाची शंका बाजूला करू. जीवन समूळ पुसलं जाईल का? दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत २.८ किमी खोलीवर, खडकांच्या भेगांमधल्या पाण्यात, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर नावाचा जिवाणू सापडला. त्याला सूर्यप्रकाश लागत नाही आणि प्राणवायूही लागत नाही. खडकातल्या किरणोत्सारामुळे पाण्याचं विघटन होऊन जो हायड्रोजन सुटतो, त्यावर त्याचं भागतं. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांमधला मिथॅनोपायरस कँडलेरी हा सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत १२२ अंश सेल्सिअसला वाढताना दिसला आहे. असल्या मंडळींना संपवायचं तर सगळे समुद्र उकळून त्यांची वाफ व्हावी लागेल. त्यासाठी ४०० किमीहून मोठा दगड आदळावा लागतो. डायनोसॉरांचा निकाल लावणारा लघुग्रह १० ते १५ किमीचा होता, आणि समुद्र उकळायला लागणारी ऊर्जा त्याच्या ऊर्जेच्या हजारो पट आहे. पृथ्वीच्या कक्षेच्या आसपास फिरकणारा सर्वांत मोठा ज्ञात लघुग्रह गॅनिमेड, तोही ३५ ते ४० किमीच्या घरातला. गोठवून मारण्याचा प्रयोगही निसर्गाने करून पाहिला आहे. ७१ कोटी ७० लाख ते ६६ कोटी वर्षांपूर्वीच्या स्टर्शियन हिमयुगात बर्फ विषुववृत्तापर्यंत पोचला होता, आणि ही अवस्था साडेपाच कोटी वर्षांहून जास्त टिकली. त्यातूनही प्रकाशसंश्लेषण करणारी शैवालं तगून राहिली.

तेव्हा सूक्ष्मजीवांची काळजी सोडून देऊ. तुम्हाला विचारायचं आहे ते जंगलांबद्दल, प्रवाळांबद्दल, माशांबद्दल, प्राण्यांबद्दल, असं धरून पुढे जातो.

चारही घड्याळं एकाच घटनेवर लावून पाहिली की फरक चटकन कळतो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा चिक्सुलुबचा आघात, म्हणजे डायनोसॉरांचा निकाल लावणाऱ्या त्याच लघुग्रहाचा, त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्याची सुरुवात एका दिवसात झाली. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखाली सुमारे १८० किमी रुंदीचं विवर आहे. आघात झाला ते खडक चुनखडीचे आणि जिप्सम-वर्गातले होते, म्हणजे गंधकाने भरलेले. गंधकाचं धुकं, बारीक धूळ आणि काजळी यांनी आकाश झाकलं आणि काही महिने, कदाचित दोनेक वर्षं, प्रकाशसंश्लेषण जवळजवळ थांबलं. समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) सुमारे ०.२५ एककाने घसरला. आकडा बारका वाटतो, पण सामूची मोजपट्टी गुणाकाराची असते. चुन्याचं कवच घडवणाऱ्या जिवाला इतका बदल झपाट्याने झाला तर भारी पडतो.

इथे कोण मेलं आणि कोण वाचलं हे बघण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी घडी त्यावर बसते. रोज ताजं हिरवं खाणारे आणि त्यांना खाणारे कोसळले. कुजलेला पाला, गाळ, मेलेले जीव आणि बिया यांवर जगणाऱ्यांना काही काळ पुरेल इतकी शिधासामग्री होती. म्हणून नद्या-तळ्यांमधल्या जीवांची हानी तुलनेने कमी झाली. मगरी आणि कासवं तरली. समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरा या एकपेशी कवचधारी जिवांच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रजाती संपल्या. डायॅटम नावाची सूक्ष्म शैवालं मात्र बरीच वाचली, कारण प्रतिकूल काळात निपचित पडून राहणारी अवस्था त्यांच्या जीवनक्रमातच आहे. चुन्याच्या चकत्या अंगावर वागवणाऱ्या सूक्ष्म शैवालांमध्येही तोच हिशेब दिसतो. प्रकाश नसेल तर इतर सूक्ष्मजीव गिळून वेळ निभावून नेणाऱ्यांना संधी मिळाली. याला 'बलवान टिकतो' म्हणणं चूक आहे. ज्याची सवय योगायोगाने त्या संकटाशी जुळली, तो टिकला.

पहिलं घड्याळ: त्या जागी पुन्हा जीव दिसायला लागणं. २०१६ मध्ये चिक्सुलुबच्या विवरातच समुद्रतळाखाली भोक पाडून खडकाची कांडी काढण्यात आली. आघातानंतर पाण्यातला गाळ बसून जो पाऊण मीटरचा थर तयार झाला, त्याच्या वरच्या भागातच किड्यांनी उकरलेली बिळं आणि फोरामिनिफेराची कवचं मिळाली. हा थर काही वर्षांतच बसलेला आहे. म्हणजे जिथे आघात झाला त्याच जागी, काही वर्षांत, कोणीतरी चिखल उकरत होतं. पुढे ३० हजार वर्षांत तिथे बरीच विविध आणि उत्पादक परिसंस्था उभी होती. गंमत अशी की विवरापासून दूरच्या काही ठिकाणी, मेक्सिकोच्या आखातात आणि उत्तर अटलांटिकमध्ये, यालाच ३ लाख वर्षांपर्यंत वेळ लागला. घावापासूनचं अंतर निर्णायक नव्हतं. स्थानिक पाण्याचे प्रवाह आणि पोषकद्रव्यं जास्त महत्त्वाची ठरली.

जमिनीवर पहिलं घड्याळ नेच्यांचं आहे. न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतल्या रॅटन खोऱ्यात, आघाताची खूण असलेल्या इरिडियमच्या थराच्या लगेच वर, परागकण जवळजवळ नाहीसे होतात आणि नेच्यांचे बीजाणू एकदम भरून येतात. नेच्याचा बीजाणू हलका असतो, वाऱ्यावर लांब जातो आणि त्याला परागणासाठी कीटक लागत नाही. १८८३ साली क्राकाटोआ बेटाचा स्फोट झाल्यावर, १८८६ मध्ये तिथे गेलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनाही मुख्यतः नेचेच भेटले.

दुसरं घड्याळ कामकाजाचं. प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांनी, हवेतला कार्बन पकडायचा, मेल्यावर तो समुद्रतळाशी न्यायचा, आणि हे वर्षानुवर्षं स्थिरपणे चालायचं, याला कार्बनचक्राचा पंप म्हणता येईल. कवचांमधल्या कार्बन समस्थानिकांवरून (कार्बनच्या हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावरून) पाहिलं तर या पंपाची घडी नीट बसायला १८ लाखांच्या आसपास वर्षं लागली. त्याआधीही समुद्र 'मेलेला' नव्हता. उत्पादन बऱ्याच ठिकाणी होतं, पण वेड्यासारखं वरखाली व्हायचं. एकेक प्रजाती अचानक माजायची आणि तितक्याच अचानक ओसरायची. जमिनीवर कोलोरॅडोतल्या कोरल ब्लफ्सच्या जीवाश्मांनी हा क्रम फार सुंदर दाखवला आहे. आघाताआधीचे सर्वांत मोठे सस्तन प्राणी ८ किलोच्या आसपास होते, आघातानंतर उरलेले उंदराएवढे. १ लाख वर्षांत ते पुन्हा ६ किलोंच्या आसपास आले, ३ लाख वर्षांत २५ किलोंपर्यंत, आणि ७ लाख वर्षांत ५० किलोंच्या जवळ. त्याच क्रमाने वनस्पतीही बदलल्या: आधी नेचे, मग ताडवर्गीय, मग अक्रोडाच्या कुळातली झाडं, आणि ७ लाख वर्षांच्या सुमाराला शेंगावर्गीय. प्राण्यांचा आकार वाढला तो पौष्टिक खाद्य मिळू लागलं त्या टप्प्यांवर.

तिसरं घड्याळ म्हणजे प्रजातींची संख्या. इथे मामला मंदावतो. तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची विविधता पूर्वीच्या पातळीला यायला सुमारे १ कोटी वर्षं लागली, आणि निरनिराळ्या महाविलोपनांचा एकत्रित अभ्यास केला तरी नव्या प्रजाती उगवण्याचा जोर साधारण १ कोटी वर्षांनी दिसतो. जागा रिकामी झाली की ती लगेच भरली जाईल, असं का होत नाही? कारण जागा म्हणजे रिकामी खुर्ची नव्हे. प्रवाळभित्तीत राहणाऱ्या खेकड्याची जागा प्रवाळाने निर्माण केलेली असते. प्रवाळच नसेल तर खेकड्यासाठी रिकामं काहीच उरत नाही. आधी जागा घडवणारे तयार व्हायला हवेत, त्यांच्यावर जगणारे नंतर, आणि त्यांच्यावर जगणारे आणखी नंतर. नवी प्रजाती विलग होऊन स्थिर व्हायलाच पुष्कळदा लाखो वर्षं जातात. असे मजले एकावर एक चढत गेले की कोटीचा हिशेब होतो.

चौथं घड्याळ, म्हणजे गेलेले तेच जीव परत येणं, चालतच नाही. अमोनाइट आणि ट्रायलोबाइट हे प्राचीन समुद्री प्राणी परत आले नाहीत. कधीकधी एखादा गट थरांमधून गायब होतो आणि लाखो वर्षांनी पुन्हा दिसतो, पण तो मेलेलाच नव्हता. कुठल्यातरी कोपऱ्यात तगून होता. आणि कधी वेगळ्याच वंशातला जीव जुन्याची हुबेहूब नक्कल करतो. वाचलेले सगळे पुढे फुलतात असंही नाही. काही वंश आघातातून वाचतात आणि त्यानंतरच्या काळात हळूहळू विझतात. वाचलेल्यांच्या यादीत नाव आलं म्हणजे सुटका झाली, असं समजू नये.

आता दुसरं टोक बघू: २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वीचं पर्मियन कालखंडाच्या अखेरचं महाविलोपन. समुद्रातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रजाती गेल्या. चीनमधल्या मेइशानच्या थरांवरून मुख्य पडझड काही दशसहस्र वर्षांत उरकली, म्हणजे भूशास्त्राच्या मानाने झटक्यात. पण सावरायला मात्र ५० लाख ते १ कोटी वर्षं लागली. हा फरक का पडला, यात तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

सैबेरियात लाव्हाचा प्रचंड पूर आला. नुसता लाव्हा असता तर कदाचित निभावलं असतं. पण तो तुंगुस्का खोऱ्यातल्या कोळशाच्या आणि क्षारांच्या थरांमधून घुसला आणि ते भाजून निघाले. त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने आणि मिथेनने उष्णकटिबंधातल्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान ४० अंशांच्या जवळ नेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी प्राण्यांना तो जास्त लागतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. जमिनीवर जंगलं गेली. मुळांनी माती धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. नद्यांचं वळणदार पात्र सुटून त्या अनेक फाट्यांत पसरल्या, गाळ आणि पोषकद्रव्यं समुद्रात लोटली गेली, तिथे शैवालांचा पूर आला, तो कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपला. एक घाव दुसऱ्याला ओढून आणत होता.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे एकदाच झालं नाही. पर्मियननंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या सुरुवातीच्या ५० लाख वर्षांत कार्बन समस्थानिकांचा आलेख पुन्हा पुन्हा हेलकावे खातो. कुठे जरा सावरलं की नवा उष्णतेचा लोट आला आणि पडझड पुन्हा सुरू झाली. चिक्सुलुबच्या वेळी धूळ खाली बसल्यावर आकाश मोकळं झालं होतं. इथे तसं झालं नाही.

याच्या खुणा थरांमध्ये सहज दिसतात. ट्रायासिकच्या आरंभी जगभरात कुठेही कोळशाचा थर नाही, जवळजवळ १ कोटी वर्षं; कोळसा व्हायला दलदलीतलं जंगल लागतं आणि ते नव्हतं. रुगोस आणि टॅब्युलेट हे जुने प्रवाळ कायमचे संपले. आजच्या प्रवाळांचे पूर्वज ट्रायासिकच्या मध्यावर दिसतात. जमिनीवर लिस्ट्रोसॉरस हा डुकराएवढा, चोचीचा प्राणी दक्षिण आफ्रिका, भारत, अंटार्क्टिका, चीन, रशिया अशा सगळीकडे आढळतो. काही थरांत तर त्याच्याशिवाय जवळपास काहीच मिळत नाही. एकाच प्रकारच्या प्राण्याने इतकं पसरणं हे आजारी परिसंस्थेचं लक्षण आहे. नुसतं 'खूप प्राणी दिसतात' एवढ्यावर जाऊ नका. कोण दिसतंय आणि शेजारी कोण नाही, ते बघा.

या ठिकाणी आमच्या क्षेत्रात मतभेद आहेत, आणि ते खरे आहेत. अमोनाइटांचे नातेवाईक १०-२० लाख वर्षांत पुन्हा भरपूर झाले होते. चीनमधल्या ग्वेयांगजवळ या महाविलोपनानंतर सुमारे १० लाख वर्षांतच मासे आणि कवचधारी प्राण्यांसह बरीच गुंतागुंतीची परिसंस्था सापडली आहे. म्हणून 'सगळीकडे १ कोटी वर्षं शुकशुकाट होता' हे जुनं चित्र मला टिकणारं वाटत नाही. सावरणं ठिगळाठिगळांनी झालं: झपाट्याने पोहणारे आणि झपाट्याने प्रजाती घडवणारे लवकर, एका जागी चिकटून जाड चुन्याचं कवच घडवणारे फार उशिरा.

आघात झाल्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत काय घडतं हे पाहायला जिवंत उदाहरणंही आहेत, आणि त्यातली दोन शेजारी ठेवली की आसऱ्याचं महत्त्व कळतं. १८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्सचा स्फोट झाला. उजाड दिसणाऱ्या त्या प्रदेशात बर्फाखाली रोपं वाचली होती आणि बिळांमध्ये गोफर नावाचे उंदरासारखे प्राणी वाचले होते. गोफरांनी बिळं उकरताना खालची जुनी माती राखेच्या वर आणली आणि त्या मातीत बिया व बुरशी होती. राखेच्या मैदानावर सुरुवातीला पाय रोवला तो हवेतला नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या लुपिन या रोपाने. क्राकाटोआवर मात्र बहुधा काहीच उरलं नव्हतं. जे काही आलं ते साधारण ४० किमी समुद्र ओलांडून, वाऱ्याने, लाटांनी, पक्ष्यांच्या पोटातून. तिथे सुमारे अर्ध्या शतकात दाट जंगल उभं राहिलं खरं, पण ते कोण येऊ शकतं याने ठरलेलं जंगल होतं. ज्यांच्या जड बिया समुद्र ओलांडत नाहीत, ती झाडं मागेच राहिली. आसरा उरला असेल तर सुधारणा आतून होते. तो नसेल तर बाहेरून होते आणि वाटेतल्या अडथळ्यांच्या तालावर चालते.

आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा हेही सांगायला हवं, कारण 'सावरायला लागलेली वर्षं' हा आकडा चाळणीवर अवलंबून असू शकतो, अगदी शब्दशः. फोरामिनिफेरासाठी थर पाच-पाच सेंटिमीटरला, विलोपनाच्या सीमेजवळ त्याहूनही दाट, कापून नमुने घेतात. शेदोनशे ग्रॅम खडक भिजवून सुटा करतात, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात, मंद आचेवर वाळवतात आणि साधारण ३०० कवचं मोजतात. आघातानंतर वाचलेल्या आणि नव्याने आलेल्या प्रजाती बारक्या असतात. १२५ मायक्रॉनची चाळणी वापरली तर त्या निसटून जातात आणि समुद्र निर्जीव होता असा भास होतो. म्हणून काही जण ३८ मायक्रॉनपर्यंत खाली उतरतात. उलटही होतं. किडे खालचा चिखल वर उकरतात आणि मेलेल्या प्रजातींची कवचं वरच्या थरात मिसळतात, मग त्या वाचल्या होत्या असं वाटतं. दुर्मीळ प्रजातीचा शेवटचा सापडलेला नमुना हा तिचा खरा शेवट क्वचितच असतो, त्यामुळे अचानक झालेलं विलोपनही टप्प्याटप्प्याने झाल्यासारखं दिसतं.

सगळ्यात फसवं असतं कालमापन. राखेच्या थरातल्या झिरकॉन या खनिजावरून युरेनियम-शिसं पद्धतीने वय काढता येतं, पण दोन राखथरांच्या मधलं वय गाळ एकसारख्या वेगाने साचला असं गृहीत धरून काढावं लागतं. विलोपनानंतर नेमकं तेच खोटं ठरतं. प्लवकांची कवचं पडणं थांबलं की समुद्रतळावर गाळ फार हळू साचतो. म्हणजे सीमेवरच्या दोन सेंटिमीटर चिकणमातीत जितकी वर्षं दडलेली असतात, तितकी खालच्या दोन सेंटिमीटर चुनखडीत नसतात. यावर उपाय म्हणून अवकाशातून सतत बारीक प्रमाणात पडणाऱ्या धुळीतला हेलियम-३ मोजतात. ती धूळ कवचांच्या भरवशावर पडत नाही. एखाद्या लेखात 'अमुक हजार वर्षांत सावरली' असं वाचलंत तर वय कशावरून काढलं हे तपासा. नुसत्या जाडीवरून काढलं असेल तर तो आकडा सैल आहे.

आता तुम्ही दिलेल्या तीन प्रसंगांकडे.

चिक्सुलुबसारखा लघुग्रह आला तर वर सांगितलेली घड्याळंच लागू पडतात. त्यात जास्त बोलण्यासारखं नाही.

अणुयुद्धाबद्दल लोकांचा अंदाज बहुधा दोन्ही बाजूंनी चुकतो. जगातली सगळी अण्वस्त्रं एकत्र फुटली तरी त्यांची ऊर्जा चिक्सुलुबच्या आसपासही जात नाही. कित्येक हजार पटींचा फरक आहे. स्फोटानंतरच्या किरणोत्सारी धुरळ्याचा जोर लवकर उतरतो. ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाली की मात्रा दहावा हिस्सा होते: १ तासाला १०० असेल तर ७ तासांना १०, ४९ तासांना १. उरतं ते सीझियम-१३७ सारखं, ३० वर्षांच्या अर्धायुष्याचं. १९५४ साली बिकिनी बेटावर १५ मेगाटनचा स्फोट झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याच विवरात प्रवाळांची दणकट वाढ दिसली, जरी खाजणात राहणाऱ्या काही प्रजाती परतलेल्या नव्हत्या. खरा धोका जळत्या शहरांच्या काजळीचा. ती स्थितांबरात पोचली की दहाएक वर्षं ऊन अडवते. एवढा काळ जंगलाच्या बियांना आणि समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना पेलवतो. दरवर्षीच्या पिकावर जगणाऱ्या आठ अब्ज माणसांना पेलवत नाही. म्हणजे जीवसृष्टीसाठी मध्यम घाव, आपल्या अन्नव्यवस्थेसाठी जवळपास पूर्ण कोसळणं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते सतत एकमेकांत मिसळले जातात.

तापमानवाढीच्या प्रसंगात पर्मियनचं उदाहरण जास्त जवळचं आहे, कारण इथे धूळ खाली बसून आकाश मोकळं होत नाही. हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत जाण्याचेही टप्पे आहेत. मोठा वाटा समुद्र शतकांच्या आणि सहस्रकांच्या हिशेबात शोषतो. समुद्रतळावरची चुनखडी विरघळून आम्लता शमवायला ५ ते १० हजार वर्षं जातात. शेवटचा हिस्सा सिलिकेट खडकांच्या झिजेतून बाहेर पडतो, त्याला लाखो वर्षं लागतात. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तापमान ५-६ अंशांनी वाढलं होतं. तो ताप उतरायला दीड-दोन लाख वर्षं लागली, आणि तेव्हा कार्बन हवेत मिसळण्याचा वेग आजच्या वर्षाला सुमारे १० अब्ज टनांपेक्षा खूपच कमी होता. त्या घटनेत खोल समुद्रातल्या फोरामिनिफेराला जबर फटका बसला. जमिनीवर मात्र वनस्पती आणि प्राणी मोठ्या प्रमाणावर ध्रुवांकडे सरकून निभावून गेले. सरकायला सलग जमीन होती. आज ती शेतांनी, शहरांनी आणि रस्त्यांनी तुकड्यातुकड्यांत आहे. म्हणून तेव्हाचा दिलासा आजच्या खात्यात जसाच्या तसा जमा करता येत नाही.

सध्या आपण सहाव्या महाविलोपनात आहोत का, हेही कोणीतरी विचारेलच. पृथ्वीच्या इतिहासातल्या पाच मोठ्या महाविलोपनांचा निकष ७५ टक्के प्रजाती जाणं हा आहे. गेल्या ५०० वर्षांत नोंद होऊन नामशेष झालेल्या प्रजाती हजाराच्या घरात आहेत, त्यामुळे त्या निकषावर आज उत्तर 'नाही' असं येतं. पण धोक्यातल्या सगळ्या प्रजाती येत्या शतकात गेल्या आणि तोच वेग टिकला, तर उभयचर, सस्तन आणि पक्षी काही शतकांत, साधारण २४० ते ५४० वर्षांत, त्या रेषेपर्यंत पोचतात. घसरण अजून मुख्यतः जीवसंख्येत आणि विस्तारात आहे. म्हणजे वर सांगितलेला आसऱ्याचा मुद्दा आज हातात आहे. क्राकाटोआऐवजी सेंट हेलेन्ससारखी सुधारणा व्हायची असेल, तर बिळं, बियांचे साठे आणि जोडलेले अधिवास आघाताच्या आधीपासून शाबूत असावे लागतात. नंतर ते करता येत नाहीत.

किती वर्षं, याचा आजच्या काळातला एक छोटा आकडा देतो. न्यूझीलंडमध्ये माणूस पोचल्यापासून जितक्या पक्षिप्रजाती गेल्या, तितकी संख्या नैसर्गिक उत्क्रांतीने आणि बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांनी भरून निघायला सुमारे ५ कोटी वर्षं लागतील, असा हिशेब तिथल्या पक्ष्यांच्या वंशवृक्षावरून निघाला आहे. माणसाला तिथे पोचून जेमतेम सातशे-आठशे वर्षं झाली आहेत. आणि हा हिशेब तिसऱ्या घड्याळाचा आहे. त्या ५ कोटी वर्षांनंतरही मोआ हा तिथला न उडणारा मोठा पक्षी परतलेला नसेल. त्याच्या जागी चरणारा दुसराच एखादा पक्षी असेल.